हिवाळ्यातला जलसा

मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकी शहरात १९६८ पासून भर उन्हाळ्यात भरणारा ‘समरफेस्ट’ हा संगीतमहोत्सव जसाच्या तसा अमिरातीत भरवण्याची हौस कोणा कारभाऱ्यास झालीच, तर त्याला प्रथम पंचांगच उलटे धरावे लागेल; कारण जुलै-ऑगस्टात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि दमट हवा सूर्यास्तानंतरही अंगाला चिकटून राहते. म्हणून तेथील उघड्यावरच्या मैफिली हिवाळ्यातच. त्यांचे सर्वांत रमणीय स्थान, माझ्या मते, शारजातील खालिद सरोवराच्या (वस्तुतः ते आत शिरलेले समुद्राचेच खारे पाणी!) बेटावर २०१४ साली उभारलेले अल् मजाज हे अर्धवर्तुळाकार रंगमंदिर. पाण्याकाठच्या दमटपणात मात्र ऊद या अरबी तंतुवाद्याचे पातळ लाकूड फुगून लावलेल्या तारा उतरतात-चढतात, ही अडचण आपल्या सतारियांना सांगायला नको. आणि हिवाळ्यातल्या मैफिलीही आपल्याला नव्या नाहीत: पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही डिसेंबरातच भरतो.