जुन्या जीपगाडीचा सांगाडा व पाटे

शेतकऱ्याच्या घरी जी साधने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांच्या देखरेखीची रीतही त्यांच्याबरोबरच चालत आली आहे. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली की ती काढून, तापवून पुन्हा चढवावी, आसाला वेळोवेळी वंगण घालावे, पावसाळ्यात गाडी आडोशाला उभी करावी, हे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु बैलगाडीच्या जोडीस आलेल्या जीपगाडीसंबंधाने अशी रीत अद्याप आपल्याकडे पडलेली नाही. एंजिन बिघडले तर मिस्त्रीला बोलवावे, टायर झिजले तर बदलावे, वरचा रंग उडाला तर तो नवा द्यावा, इतके सर्व लोक करतात. मात्र ज्या लोखंडी सांगाड्यावर ही सारी गाडी उभी असते, त्याच्याकडे वाकून पाहणारा मालक विरळा. जुन्या गाडीस खरा धोका याच ठिकाणी असतो. यास्तव या लेखात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

गाडीची घडण

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात विलीज जीप जोडण्यास आरंभ झाला. पुढे तिच्याच वंशातील कमांडर, मार्शल इत्यादी गाड्या आल्या. १९९४ साली टाटा सुमो व २००० साली महिंद्र बोलेरो बाजारात आली. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले, तरी तिच्या जुन्या गाड्या खेडोपाडी अजून दिसतात. या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान आहे. बहुतेक लहान मोटारींत पत्र्याचा साटा हाच गाडीचा आधार असतो. या गाड्यांत तसे नाही. दोन लांब लोखंडी तुळया व त्यांना जोडणारे आडवे दांडे असा शिडीसारखा सांगाडा खाली असतो. त्यास मिस्त्री लोक चासी म्हणतात. एंजिन, साटा, इंधनाची टाकी, स्टिअरिंगची पेटी, सर्व काही या चासीलाच बोल्टांनी आवळलेले असते.

चासी व चाके यांच्यामध्ये पाटे असतात. जुन्या जीपला ते पुढे-मागे दोन्हीकडे असत. नंतरच्या पुष्कळ गाड्यांत पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा व मागे पाटे अशी योजना आहे. पाटा खड्ड्याचा हिसका सोसतो, ही त्याची एक कामगिरी. दुसरी कामगिरी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागचा आस आपल्या जागी सरळ धरून ठेवण्याचे कामही पाट्याचेच असते. पाट्याचे एक टोक चासीच्या हँगरमध्ये व दुसरे हलत्या शॅकलमध्ये अडकविलेले असते. म्हणजे चाकाचा प्रत्येक हिसका अखेरीस चासीच्या त्याच चार-सहा जागी जाऊन पोहोचतो.

गंज कसा चढतो

लोखंड, पाणी व हवा ही तिन्ही एकत्र आली की गंज उत्पन्न होतो. त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग फार वाढतो. कारण खाऱ्या पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो, आणि गंजण्याची क्रिया मूलतः विजेचीच आहे. शिवाय मिठाचा स्वभाव असा की हवेतील दमटपणा शेकडा ७५ च्या वर गेला म्हणजे ते हवेतूनच पाणी ओढून घेते. सबब मिठाचा थर बसलेली चासी पाऊस नसतानाही ओलीच राहते. कोकणपट्टीतील गाड्या देशावरील गाड्यांपेक्षा लवकर का गंजतात, याचे उत्तर यातच आहे.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात व खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. दोन पत्रे एकावर एक आवळलेले असतील तेथे मधला गंज फुगून ते पत्रे एकमेकांपासून फाकवितो. चासीच्या तुळया काही गाड्यांत पन्हळीसारख्या उघड्या असतात, काहींत पेटीसारख्या बंद असतात. बंद तुळईत भोकांतून चिखल शिरतो, तळाशी बसतो आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजवितो. अशी तुळई आतून पोखरली जाते. बाहेरून रंग शाबूत, आत मात्र पत्रा कागदासारखा उरलेला, असा प्रकार वारंवार दृष्टीस पडतो.

शेतावरील खारे पदार्थ

समुद्रापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याने, आपणांस मिठाचे भय नाही, असे समजू नये. जीपगाडीतून आपण काय वाहतो हे पाहिले म्हणजे ते ध्यानात येईल. म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत मिठाच्याच जातीचे आहे. त्याच्या ५० किलोच्या गोणीत सुमारे २३ किलो क्लोरीन असते. फुटक्या गोणीतून सांडलेली पूड साट्याच्या फटींतून चासीवर पडते व पहिल्या सरीबरोबर तेथे मुरते. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी आहे. युरिया, शेण व गोमूत्र यांपासून सुटणारा अमोनिया तर तांब्या-पितळेचे जोड व विजेच्या तारांची टोके खातो. कोकणात मासळीच्या टोपल्यांतून ठिबकणारे पाणी व नारळाच्या आळ्यासाठी नेलेले मीठ यांचाही परिणाम तोच. चोपण जमिनीतला चिखल चाकांनी उडून वर चिकटतो तो निराळाच. तात्पर्य, शेतकऱ्याची गाडी शहरातील गाडीपेक्षा अधिक खाऱ्यात वावरते, आणि धुतली मात्र तिच्याहून कमी जाते.

पाटा का तुटतो

पाट्याचे पोलाद कडक असते. त्यावर गंजाचा बारीक खड्डा पडला की दर हिसक्यास ताण त्या खड्ड्यापाशी गोळा होतो, तेथे केसाएवढी चीर पडते आणि एके दिवशी पाटा मोडतो. बहुधा तो मधल्या बोल्टाच्या भोकापाशी अथवा टोकाच्या डोळ्यापाशी मोडतो. यू-बोल्ट सैल झाले असतील तर मधला बोल्ट कापला जाऊन आस मागे-पुढे सरकतो. मग गाडी एका अंगाला ओढू लागते. मुख्य पाटा डोळ्याजवळ मोडला तर आस धरणारे काहीच उरत नाही. घाटाच्या वळणावर असे झाले तर पुढचा प्रसंग सांगावयास नको.

येथे एका सार्वत्रिक प्रघाताविषयी आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. पाटा वारंवार मोडतो म्हणून मालक जादा पाटा घालून घेतो. गाडी ताठ होते, ओझे घेते, मालकास समाधान वाटते. परंतु जो हिसका पूर्वी पाटा लवून गिळत होता, तो आता तसाच हँगरवर व चासीवर जातो. चासी नवी असेल तर ती काही काळ सोशील. गंजलेली असेल तर हँगरच्या मुळाशी फाटेल. पाटा मोडला हे नेहमीच मूळ दुखणे नसते, पुष्कळदा ती आतील दुखण्याची खूण असते. म्हणून पाटा मोडला की तो जेथे अडकविलेला आहे ती चासी प्रथम पाहावी, हा नियम प्रत्येक मालकाने मनाशी बांधून ठेवावा.

परदेशातील दाखला

हा रोग आपल्याच अडचणींमुळे होतो, चांगल्या रस्त्यांच्या देशात होत नसेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाही. अमेरिकेच्या थंड प्रांतांत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. तेथे टोयोटा कंपनीच्या शिडीच्या चासीच्या गाड्या इतक्या गंजल्या की २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० च्या टॅकोमा गाड्यांची गंजाबद्दलची हमी १५ वर्षांपर्यंत वाढविली व फार गंजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपटीने परत घेतल्या. २००९ साली २००० ते २००३ च्या टुंड्रा गाड्या तपासणीस बोलाविल्या; कारण चासीचा मागचा आडवा दांडा गंजून त्याला टांगलेले जादा चाक धावत्या रस्त्यावर पडण्याचा संभव होता. पुढे २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांच्या मालकांच्या दाव्यात तडजोड झाली. तीत मालवाहू गाड्यांबरोबर २००५ ते २००८ च्या सेक्वोया या जीपवजा गाड्याही होत्या. कंपनीने दोष मान्य केला नाही. परंतु तपासणीत गंजाने ठराविक मापाचे भोक पडलेले आढळल्यास चासी आपल्या खर्चाने बदलून देण्याचे कबूल केले. या तडजोडीची किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत धरली गेली होती.

यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, नामांकित कारखान्याची गाडीही मिठापुढे टिकत नाही. दुसरी, चासीला आरपार भोक पडणे म्हणजे दुरुस्तीची नव्हे, चासी बदलण्याची वेळ, असे तेथे ठरले. आपल्याकडे असे भोक दिसले तर त्यावर डांबराचा हात फिरवून गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला पाठवितात!

परीक्षा कशी करावी

वर्षातून दोनदा, मृगापूर्वी व दसऱ्यानंतर, गाडी सपाट जागी घेऊन खालून पाहावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चाकांना ओट लावून, घोड्यांचा भक्कम आधार देऊन मगच शिरावे. गंजलेली चासी जॅकच्या जागीच चेपू शकते.

प्रथम चिखल धुऊन, गाडी सुकवून घ्यावी. मग लहान हातोडीने तुळईवर वीतभर अंतराने हलके ठोके द्यावेत. सुदृढ लोखंड खणखणीत वाजते. पोखरलेले बद्द वाजते व पापुद्रे झाडते. शंकेच्या जागी पेचकसाचे टोक दाबून पाहावे. मागील आसाच्या वर जेथे तुळई कमानीसारखी उंच होते ती जागा, पाट्यांचे हँगर व शॅकल, साट्याच्या रबरी बैठका, स्टिअरिंगच्या पेटीचे बोल्ट, शॉक-ॲब्सॉर्बरच्या खुंट्या आणि ब्रेकच्या नळ्या ही ठिकाणे कधीही वगळू नयेत. पाट्यांवर आडवी तांबूस रेघ दिसली तर ती बहुधा चीर असते. रिकामी गाडी एका अंगाला कललेली दिसणे, ब्रेक दाबताच दिशा बदलणे, दार पूर्वीसारखे न लागणे, ही लक्षणेही चासीकडे बोट दाखवितात.

उपाय व दुरुस्ती

सर्वांत स्वस्त उपाय गोडे पाणी हा होय. खत, मीठ वा मासळी वाहिल्यावर त्याच दिवशी गाडी खालून धुवावी, तुळईच्या आतही पाणी सोडावे, बुजलेली छिद्रे तारेने मोकळी करावीत आणि गाडी वाऱ्याला सुकवावी. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर त्याने धुण्यात अर्थ नाही. गाडी गोठ्यात, उकिरड्याजवळ किंवा ओल्या गवतावर उभी करू नये. वारा न खेळणाऱ्या कोंदट खोलीपेक्षा चारी बाजूंनी मोकळी शेड केव्हाही चांगली.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, कोरड्या लोखंडावर जस्तयुक्त अथवा रेड ऑक्साइडचा प्राथमिक हात द्यावा व वर रंग द्यावा. पूर्वी शेंदराचा हात देत. परंतु शेंदरात शिसे असल्याने तो आता वापरू नये. गंजावर तसाच रंग अथवा डांबर फासणे म्हणजे घुशीचे बीळ वरून लिंपणे होय. जळके ऑइल सर्रास फवारतात. ते काही काळ पाणी अडविते हे खरे, पण रबरी बुश फुगवून खराब करते, धूळ धरते आणि जमिनीत ठिबकते. त्यापेक्षा पोकळ जागांसाठी मिळणारे मेणयुक्त तेल आत फवारावे.

चासी फाटली असेल तर वेल्डिंग करणारा कारागीर पारखून घ्यावा. सडका भाग सुदृढ लोखंडापर्यंत कापून काढल्याशिवाय ठिगळ धरत नाही. ठिगळाची टोके उभी न कापता तिरपी निमुळती ठेवावीत. उभ्या जोडाच्या कडेलाच पुढे चीर पडते. इंधनाची टाकी जवळ असता ती काढल्याशिवाय ठिणगी पाडू देऊ नये. मोडका पाटा मात्र कधीही वेल्ड करू नये. आचेने त्याचे पाणी उतरते. मोडका पाटा लोहाराकडे द्यावा, त्याचे कोयते-विळे उत्तम होतात. गाडीत त्याला जागा नाही. नवा पाटा बसविताना यू-बोल्ट व बुशही नवे घ्यावेत आणि काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

जुनी गाडी घेताना

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी नवी करून मिळते. या मुदतीच्या तोंडावर पुष्कळ गाड्या नव्या रंगाने विक्रीस निघतात. वरचा रंग पाहून भुलू नये. चासीवर ताजा काळा रंग दिसला तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. विकणारा ती नाकारील तर सौदा तेथेच थांबवावा. समुद्रकाठी वापरलेली गाडी स्वस्त मिळाली तरी हातोडी लावल्यावाचून घेऊ नये.

जीपगाडीत आपण केवळ गोण्या भरत नाही. बाजारच्या दिवशी तिच्यात शेजारी-पाजारी बसतात, सुगीत मजूर बसतात, शाळेची मुले बसतात. त्यांच्यापैकी कोणीही गाडीखाली वाकून पाहिलेले नसते; मालकाने पाहिले असेल या विश्वासावर ते चढतात. हा विश्वास राखण्यास फार द्रव्य लागत नाही. एक हातोडी, एक तारेचा ब्रश, दोन बादल्या गोडे पाणी आणि वर्षातले दोन दिवस एवढे पुरे. गावोगावच्या सोसायट्यांनी घोडे, ग्रीसची पिचकारी व पाण्याचा पंप सामाईक घेऊन मृगापूर्वी सभासदांच्या गाड्या तपासण्याचा दिवस नेमला, तर बैलगाडीप्रमाणे जीपगाडीच्याही देखरेखीची रीत पडण्यास आरंभ होईल, असा आम्हांस भरवसा वाटतो.