दोन हातांत सहा माणसं

संपादकांना ऑर्केस्ट्रावर लेख हवा होता. २७ जून जवळ आलेला, म्हणजे राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांचा जन्मदिवस. त्या सुमारास पुण्यात पंचमच्या गाण्यांचे कार्यक्रम लागतात आणि भरतातही. गायकांशी बोला, निवेदकाला गाठा, एखादा जुना किस्सा मिळवा, एवढीच अपेक्षा होती. मी तालमीला गेलो आणि गायकांकडे पाठ करून बसलो. कोपऱ्यात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ हेडफोन लावून ‘तीसरी मंज़िल’मधल्या एका गाण्याची सुरुवात पुन्हा पुन्हा ऐकत होते. समोर ऑक्टोपॅड, मांडीवर शाळकरी वही. वहीत मात्रा असतील असं वाटलं. होती माणसं: ड्रम्स एक, बोंगो एक, मराकस एक, त्याखाली प्रश्नचिन्ह.

‘आधी माणसं मोजायची,’ ते म्हणाले. ‘मात्रा नंतर.’

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कंपनीच्या पत्रकात मिळतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली ऑक्टोपॅड बाजारात आणला. चार-चारच्या दोन ओळींत आठ रबरी पॅड. गंमत अशी की त्या पहिल्या यंत्राला स्वतःचा आवाजच नव्हता. कुठल्या पॅडवर किती जोरात काठी पडली एवढंच ते वायरीतून दुसऱ्या यंत्राला कळवायचं आणि आवाज ते दुसरं यंत्र काढायचं. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले. मग आपण हवा तो आवाज मुद्रित करून पॅडवर चढवायची सोयही आली. आपल्याकडे ऑर्केस्ट्रापासून बँजो पार्टीपर्यंत आणि देवीच्या जागरणापासून लग्नाच्या संगीतापर्यंत तो कसा पसरला, हे वाचकांना मी सांगायला नको.

पण या यंत्रावर जे वाजवायचं असतं, ते यंत्राच्या कितीतरी आधीचं आहे. साठच्या दशकात ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत गाणं मुद्रित व्हायचं ते सगळ्यांनी एकत्र वाजवून. व्हायोलिनांचा ताफा, ब्रास, गिटारी, तालवाद्यं आणि गायक, सगळे एकाच टेकमध्ये. शेवटच्या ओळीला कुणाची काठी निसटली, तर पुन्हा पहिल्यापासून. वेगळ्या ट्रॅकवर नुसते ड्रम्स ठेवलेत, नंतर काढून ऐकता येतील, असला प्रकार नव्हता. एकाच मोनो पट्टीवर सगळं कायमचं मिसळलेलं. व्हायोलिनांसाठी गोव्याच्या अरेंजरांनी लिहिलेली नोटेशन्स तरी असत. तालाचं काम बरंचसं तोंडीच चालायचं. पंचमकडे मारुतीराव कीर बोलात सांगणार, बाकीचे उचलणार. म्हणजे आज ज्याला ते वाजवायचं आहे, त्याच्याकडे कान सोडून काही नाही.

आणि माणसं केवढी! ‘तीसरी मंज़िल’च्या ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो. नंतरच्या काळात फ्रँको वाझ. ‘हरे रामा हरे कृष्णा’पासून मादलवर रणजित गजमेर. खरवडून वाजवायच्या रेसो रेसोवर अमृतराव काटकर. छोट्यामोठ्या साइड रिदमला होमी मुल्लन. त्यांच्या आधीच्या पिढीत कावस लॉर्ड, ज्यांनी लॅटिन तालवाद्यं मुंबईच्या स्टुडिओंत रुळवली. शंकर-जयकिशन यांच्याकडे दत्ताराम, ज्यांच्या नावाचा ढोलकचा ठेका आजही वादक ‘दत्तू ठेका’ म्हणून एकमेकांना सांगतात. ही नावं पडद्यावर फारशी आली नाहीत. आमच्या वादकाच्या तोंडी मात्र ती घरच्या माणसांसारखी येतात: ‘इथे काटकर थांबलेत बघा, अंतऱ्याला परत येतात.’

माणसं मोजायची त्यांची रीत मला फार आवडली. ते आवाजाच्या मागचा हात शोधतात. रेसो रेसो वाजवताना एका हाताने वाद्य धरायचं आणि दुसऱ्याने खरवडायचं, तेव्हा त्याच क्षणी खंजिरीही ऐकू आली तर ती दुसऱ्याची. बोंगोची उडान संपायच्या आत तुंब्याचा खोल ठोका पडला, तर तो कदाचित त्याच वादकाचा, कारण दोन्ही वाद्यं शेजारी ठेवता येतात. पण मराकस अखंड चालू असेल तर तिसरा माणूस नक्की. असं करत करत कधी पाच भरतात, कधी सहा. मग पुढचा प्रश्न. रंगमंचावर ते एकटे, हात दोन, पाय जोडला तर तीन. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं?

त्यांचं कौशल्य मला इथे दिसलं. हुबेहूब वाजवणं शक्यच नाही, हे त्यांनी केव्हाच स्वीकारलं आहे. ते वजाबाकी करतात. मुखड्याला बोंगो ठेवतात, कारण गायकाचा श्वास त्याच्या आधाराने पडतो. पीस सुरू झाला की बोंगो सोडून ड्रम्सचा ब्रेक घेतात, कारण लोकांना तो तोंडपाठ असतो. ‘यादों की बारात’मधल्या एका गाण्याच्या सुरुवातीचा काचेचा टणत्कार मात्र पॅडवर न घेता खरोखरच पेल्यावर चमच्याने वाजवतात. पॅडमधला पेला दर वेळी तोच वाजतो, खरा दर वेळी थोडा वेगळा, हे त्यांचं कारण. मला वाटतं, दुसरं कारण असं की प्रेक्षकांना तो पेला पाहायचा असतो.

उलट टोकाचं उदाहरण आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे: झंकार बीट्स. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून कॅसेट कंपन्यांनी जुन्या गाण्यांवर इलेक्ट्रॉनिक ठेका चढवून ती विकली, आणि रिक्षांतून, पानाच्या गाद्यांवरून ती तुफान चालली. २००३ साली पंचमला मानवंदना देणारा चित्रपट निघाला, त्याचं नावही तेच. मला तो ठेका कधी सहन झाला नाही. आमचे वादक अधिक उदार. जुन्या मुद्रणात खालचे सूर दबलेले असायचे, बास ड्रम तर डबल बासच्या खाली गाडलेला, आणि रिक्षाच्या स्पीकरला काहीतरी धडधडणारं हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग वेगळाच आहे: ‘त्यात एकच माणूस वाजवतो. तोही कुणाचं ऐकत नाही.’

आता अडचणी. पहिली वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचं जुनं टीव्ही प्रसारण आणि डीव्हीडी २५ चौकटींनी. त्यामुळे तिथून इंटरनेटवर आलेलं गाणं सुमारे चार टक्के घाईत धावतं आणि स्वरही पाऊण अर्धस्वराच्या जवळपास चढतो. मूळ काळी चारचं गाणं पेटीवर शोधायला गेलं तर ते काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मध्येच कुठेतरी सापडतं. रेकॉर्डवरची आवृत्ती वेगळी, चित्रपटातली वेगळी, आणि काही वेळा चित्रपटातला एखादा अंतरा रेकॉर्डवर नसतोच. ‘ओरिजिनल’ म्हणून प्रेक्षक जे मागतात ते नक्की कुठलं, हे आधी ठरवावं लागतं.

दुसरी अडचण क्लिकची. त्या टेकमध्ये कुणाच्या कानात टिकटिक नव्हती. पीसमध्ये ब्रास चढला की सगळे वादक किंचित पुढे सरकतात, गायक आला की पुन्हा मागे टेकतात. आज मात्र मागे मोठ्या पडद्यावर चित्रफीत चालते, तिला ताल जुळवायचा तर कीबोर्डवाल्याला ठरलेला वेग लागतो. ‘दादा, दोन ठोकेच तर इकडेतिकडे,’ तो म्हणतो. दादा काही बोलत नाहीत, काठ्या खाली ठेवतात.

हाच कीबोर्डवाला मुलगा त्यांना नवी सोय दाखवत होता. डीझर या फ्रेंच कंपनीने २०१९मध्ये स्प्लीटर नावाचा प्रोग्राम मोफत खुला केला. तयार गाण्यातून आवाज, ड्रम्स, बास आणि उरलेलं असे चार भाग तो वेगळे काढतो. ड्रम सेटवर तो बरा चालला. मादलवर घोटाळा झाला: वरची थाप ड्रम्सच्या भागात, खालची घुमारेदार थाप बासच्या भागात, आणि मराकसची थोडी किसकिस गायिकेच्या ‘स’ला चिकटून तिच्याकडे. एकाच वाद्याचे असे तुकडे ऐकून दादा पहिल्यांदा मनापासून हसले. तरीही ‘तीसरी मंज़िल’च्या गाण्याच्या बासच्या भागात त्यांना एक तुंबा सापडला, जो इतकी वर्षं त्यांनी मोजलाच नव्हता. वहीतल्या प्रश्नचिन्हाच्या जागी नाव आलं आणि एकूण संख्या एकाने वाढली, म्हणजे गैरसोयच वाढली.

तिसरी अडचण पैशाची, आणि तिच्यावर प्रोग्राम नाही. पूर्वी अशा कार्यक्रमाला ढोलक, तबला, तुंबा-बोंगो, ड्रम्स आणि साइड रिदम असे वेगवेगळे वादक बोलवत. ऑक्टोपॅड आला तेव्हा पहिला बळी त्यांचाच गेला, आणि ऑक्टोपॅड शिकून तगलेल्यांत आमचे वादकही होते. मुळात ते तुंबा वाजवायचे. आता गायकाचा आवाज वगळलेल्या तयार मायनस ट्रॅकवर गाणारे हौशी गायक नाट्यगृहं बुक करतात. त्यात ऑक्टोपॅडही लागत नाही.

‘तीसरी मंज़िल’च्या त्या गाण्यासाठी त्यांनी आयोजकांकडे खऱ्या ड्रम सेटवर बसणारा एक मुलगा मागितला आहे. तो मिळाला तर बोंगो आणि नवा सापडलेला तुंबा ते स्वतः घेणार, मराकस कोरसमधल्या एकाच्या हातात देणार. नाही मिळाला तर तुंबा जाणार, कारण ड्रम्सचा ब्रेक सोडता येत नाही. आयोजकांनी तिकीटविक्री बघून सांगतो असं कळवलंय. तोवर दादा दोन्ही प्रकारे बसवताहेत.