नाव हाकणारं क्रियापद

आमच्या प्रताप नगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी इथल्या चौकात ऑटोत बसलेला माणूस 'भाऊ, नेव्हिगेशन लावून घ्या' असं सहज म्हणून जातो. शब्दाच्या मुळाशी गेलं तर तो त्या भाऊंना नाव हाकायला सांगत असतो.

लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे जहाज, 'अगेरे' म्हणजे हाकणं. दोन्ही मिळून क्रियापद झालं 'नाविगारे'. पण 'अगेरे'तल्या 'अ'चा 'इ' कसा झाला? प्राचीन लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडे, त्यामुळे आतले ऱ्हस्व स्वर दुबळे होत. 'अमिकुस' म्हणजे मित्र. त्याला नकाराचा 'इन' लागला की होतो 'इनिमिकुस', शत्रू. तिथेही 'अ' गेला आणि 'इ' आला.

ही घडण मराठी मुलांना परकी नाही. शाळेत शिकवला जाणारा उपपद तत्पुरुष समास तो हाच. 'ग्रंथकार' शब्दात पहिलं पद नाम, दुसरं धातूपासून आलेलं, आणि ग्रंथ करणारा हा अर्थ दोन्ही जुळल्यावरच उमटतो. लॅटिनमधला शेतकरीही असाच बनला: 'अगेर' म्हणजे शेत, 'कोलेरे' म्हणजे कसणं, म्हणून 'अग्रिकोला'. परभाषेचं व्याकरण आपल्या व्याकरणातून इतकं लख्ख दिसावं, याचा मला फार आनंद वाटतो.

याला कारण आहे नात्याचं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात मांडलं. 'नाविस' आणि संस्कृत 'नौ' सख्खी भावंडं. 'अगेरे'ला वेदातला 'अज्', म्हणजे हाकणं, हा धातू जुळतो. नाव आणि हाकणं दोन्ही आपल्याकडे होतं, पण आपण 'नी' धातू घेऊन नौकानयन म्हटलं. आणि 'नौ'पुढे 'इक' आला की संधीच्या नियमाने 'औ'चा 'आव्' होऊन नाविक.

28 एप्रिल 2016 रोजी इस्रोचा सातवा दिशादर्शक उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला, त्या दिवशी या उपग्रहांच्या प्रणालीला हेच नाव मिळालं. 'नेव्हिगेशन विथ इंडियन कॉन्स्टलेशन'ची आद्याक्षरं जुळवून 'नाविक' बनलं, आणि दुरावलेली दोन भावंडं एका नावात आली. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या वेळावरून अंतर काढलं जातं. त्यात एका नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर 30 सेंटिमीटरने चुकतं.