७२ अंश

"डावा हात बाजूनं वर घ्या, काकू."

घेतला. माझ्या मते तो चांगला कानापर्यंत गेला होता. फिजिओथेरपिस्ट मुलीनं माझ्या खवाट्यावर तळहात दाबून धरला. "आता परत." या खेपेला हात खांद्याच्या खालीच अडकला आणि डोळ्यांत पाणी आलं. चार महिने मी हात उचलतच नव्हते, पाठ वाकडी करून त्याला वर ढकलत होते.

मग तिनं गोनिओमीटर काढला. एका खिळ्याभोवती फिरणाऱ्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या. खिळा सांध्यावर, एक पट्टी बरगड्यांच्या कडेनं, दुसरी दंडालगत. वहीत आकडा पडला: ७२. फ्रोजन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना जास्त गाठणारं दुखणं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या क्लिनिकात दोन खाटा, एक पुली आणि भिंतीला खाचा पाडलेली लाकडी पट्टी. त्या खाचांवरून बोटांनी चढायचं. पहिल्या दिवशी मी नवव्या खाचेवर थांबले.

बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असे. "पोरी, करंट कवा लावतीस?" एका आजोबांनी विचारलं.

"लावते की. पण त्यानं दुखणं तेवढं जरा कमी हुतंय, आजोबा. गुडघा तुम्हालाच वाकवायला लागतोय."

जोर-बैठकांच्या या गावाला हे सांगावं लागतं, याची गंमत वाटते. तालमीत घाम गाळणाऱ्याचं आपल्याला कौतुक. स्वतःवर वेळ आली की मात्र आडवं पडायचं आणि कुणीतरी बरं करायचं! माझ्या शेजारच्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक तरुण पैलवान असे. त्याला काही समजवावं लागलं नाही. बैठका मोजाव्यात तसे तो पाय उचलणं मोजायचा.

तरीही ही मुलगी लोकांच्या लेखी 'शेक देणारी'च. तिनं साडेचार वर्षं शिकून पदवी घेतली आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३मध्ये या शिक्षणाची शाळा सुरू झाली, तेव्हा पोलिओनं लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न समोर होता. इतक्या वर्षांनीही नावाचा वाद मिटलेला नाही. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५मध्ये त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं, की फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावू नये. १० तारखेला ते पत्र मागेही घेतलं.

मी तिला या वादाबद्दल विचारलं. ती हसली. "काकू, नावामागं काय लावायचं ते ठरवू देत. कालचा व्यायाम केला का, ते सांगा."

केला नव्हता. तिला ते खवाट्यावर हात ठेवताच कळलं.

सहा आठवड्यांनी वहीत ११८ हा आकडा पडला. फडताळातला वरचा डबा अजून उजव्याच हातानं काढते, पण वेणी घालता येते.

खांदा, पाठ, गुडघा घेऊन तुम्हीही कधीतरी अशा बाकावर बसाल. समोरच्या माणसाची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. आणि निघताना घरी करायचे व्यायाम लिहून मागा.