तानपुऱ्याचा आकार: स्वतःचं एन्व्हलप कसं बांधायचं

मागच्या भागात प्युअर डेटामध्ये ऑसिलेटरमधून नाद काढला. तो नाद सुरू झाला की चालूच राहतो, कारखान्याच्या भोंग्यासारखा. नादाला जन्म, वाढ आणि शेवट देतं ते एन्व्हलप. दर क्षणाला आवाज किती मोठा असावा हे सांगणारी एक रेघ, एवढंच ते आहे. ही रेघ स्वतः ऐकू येत नाही. ती नादाला गुणते.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तयार एन्व्हलप मिळतं, चार टप्प्यांचं: चढ, उतार, टिकाव आणि सुटका. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एडीएसआर म्हणतात. १९६५ च्या सुमारास संगीतकार व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी रॉबर्ट मूग यांच्याकडे अशा उपकरणाची मागणी केली, तिथून ही कल्पना रुजली. पण तिच्यात एक गृहीतक दडलंय: बोट पट्टीवर दाबलेलं आहे. दाबलंय तोवर टिकाव, उचललं की सुटका. हार्मोनियमला हे शोभतं. तानपुऱ्याला नाही. तार छेडली की बोट निघून गेलेलं असतं, टिकवायला कोणीच नाही. शिवाय आधीचा नाद विरायच्या आतच तीच तार पुन्हा छेडली जाते.

आमच्या घरी हा प्रश्न खरा होता. फौजेतल्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि ट्रकच्या धक्क्यांत तानपुऱ्याचा भोपळा टिकत नाही. पत्नी गाते. बाजारातल्या डबीतला तानपुरा तिला 'एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या माणसासारखा' वाटतो. म्हणून मी हा उद्योग मांडला.

आता हात चालवू. 'व्हीलाइन~' नावाची वस्तू घ्या. नावाअखेरची नागमोडी म्हणजे ध्वनीच्या वेगाने चालणारी वस्तू. तिची साधी बहीण 'लाइन~' ६४ नमुन्यांच्या गठ्ठ्याच्या सीमेवरच सुरू होते, म्हणजे ४४,१०० च्या दराला सुमारे दीड मिलिसेकंदाची ढिलाई. व्हीलाइन नेमक्या क्षणी निघते. तिला तीन-तीन आकडे द्यायचे: कुठे पोचायचं, किती मिलिसेकंदांत, आणि किती थांबून. माझा संदेश असा (आकडे अर्थात इंग्रजी टाइप करा):

०.२ २०, १ ५ २०, ० १०००० २५

पहिले २० मिलिसेकंद रेघ ०.२ वर जाते, मग ५ मिलिसेकंदांत १ वर, मग दहा सेकंदांत शून्यावर. सुरुवातीचा उतार कशाला? तार छेडण्याआधी बोट तिला टेकतं, कंप क्षणभर दबतो. तयार चौकटीत या टप्प्याला जागाच नाही. इथे 'आधी शून्यावर उडी' असं मात्र लिहू नका. नाद चालू असताना रेघ अचानक तुटली की 'टक्' ऐकू येतं, आणि रियाजात ते टक् दर आवर्तनाला कानात रुतत जातं. व्हीलाइन आहे त्या किमतीपासूनच पुढे निघते, हा तिचा मोठा गुण.

सरळ रेघेचा उतार मात्र कानाला खोटा वाटतो. बराच वेळ काही घटल्यासारखं वाटत नाही, आणि शेवटी नाद एकदम कापल्यासारखा जातो. उपाय सोपा. व्हीलाइनचं उत्पादन '*~' च्या दोन्ही तोंडांत द्या, त्याचं उत्तर पुन्हा तसंच दुसऱ्या '*~' ला. झाला चौथा घात. रेघ निम्म्यावर असताना आवाज एक-सोळांश, म्हणजे २४ डेसिबल खाली. साध्या रेघेत तो फक्त ६ डेसिबल उतरला असता.

एवढ्याने तार झाली, तानपुरा झाला नाही. जवारीमुळे वरचे स्वरांश छेडल्या क्षणी सगळे येत नाहीत, जरा मागून उमलतात. म्हणून चमकेला वेगळं एन्व्हलप: १ ४००, ० ७००० ४००. त्याला २५०० ने गुणा, ३०० मिळवा आणि 'व्हीसीएफ~' च्या वारंवारतेच्या तोंडात सोडा. नादासाठी साइन लहर नको, तिच्यात गाळायला काही नसतं, 'फेझर~' घ्या. तो ० ते १ मध्ये फिरतो, म्हणून त्यातून ०.५ वजा करा. नाहीतर प्रत्येक छेडीबरोबर स्पीकरचा पडदा ढकलला जाऊन 'धप्' होईल. हा दोष छोट्या स्पीकरवर लपतो, हेडफोनवर उघडा पडतो.

हे आकडे माझ्या कानाने ठरवलेले आहेत, नियम नव्हेत. चार तारांना चार वेगळी एन्व्हलप बांधा. जोडीच्या तारांना दहा सेकंद पुरतात; खर्जाला चौदा दिले, आणि तिची चमक ४०० ऐवजी ६०० मिलिसेकंदांनी उमलू दिली, तेव्हा पत्नीने पहिल्यांदा डबी कपाटात ठेवली.