लहरींची वाटणी : एका पट्ट्यातील अनेक वाहिन्या

जमीन कोणाच्या नावावर झाली, पाणी कोणाच्या शेतापर्यंत पोहोचले, शाळेचे दार कोणासाठी उघडले, हे प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक कालखंडाला विचारावे लागतात, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. विसाव्या शतकात या यादीत आणखी एका संपत्तीची भर पडली. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला कुंपण घालता येत नाही. तरीही ती मोजकी आहे आणि म्हणून तिची वाटणी करावी लागते. ती संपत्ती म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा. दूरचित्रवाणी याच पट्ट्यावर चालते.

एका केंद्राला मिळालेल्या पट्ट्यात स्पष्ट चित्राची एचडी वाहिनी आणि तिच्या सोबतीच्या उपवाहिन्या कशा मावतात, कोणाला किती वाटा मिळतो आणि तो कोण ठरवतो, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. उदाहरण अमेरिकेचे घेतले आहे. तेथे अँटेनावर मोफत दिसणाऱ्या वाहिन्यांची वाटणी कायदा, नियम आणि लिलाव यांच्या मार्गाने उघडपणे घडली. त्यामुळे ती टप्प्याटप्प्याने तपासता येते.

पट्टा केवढा आणि तो कशासाठी मिळाला

अमेरिकेत प्रत्येक दूरचित्रवाणी केंद्राला ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो. जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीत एवढ्या रुंदीत एकच कार्यक्रम मावत असे. १९८७ मध्ये या लहरींपैकी मोकळी जागा वाहनांतील रेडिओ संपर्कसेवांना द्यावी, असा विचार चालू होता. तेव्हा प्रसारकांनी तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे दळणवळण आयोगाकडे, धाव घेतली. पुढे येणाऱ्या हाय डेफिनिशन चित्रासाठी ही जागा आम्हांला लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९९६ मध्ये आयोगाने डिजिटल प्रक्षेपणाचे मानक स्वीकारले आणि १९९७ मध्ये केंद्रांना संक्रमणकाळापुरता दुसरा पट्टा विनामूल्य दिला. १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबले.

जागा मागितली गेली ती एका उत्तम चित्रासाठी. परंतु डिजिटल तंत्राने त्याच जागेत अनेक चित्रे बसवण्याची सोय करून दिली. एक उत्तम चित्र की अनेक साधी चित्रे, हा प्रश्न तेथून निर्माण झाला.

गणित

या मानकानुसार प्रक्षेपक दर सेकंदाला सुमारे १ कोटी ७ लाख ६० हजार चिन्हे पाठवतो. प्रत्येक चिन्हात ३ बिट असतात. म्हणजे एकूण सुमारे ३ कोटी २३ लाख बिट होतात. वाटेत लहरी बिघडतात, म्हणून यातील मोठा भाग चुका दुरुस्त करण्यासाठी खर्ची पडतो. उरतात सेकंदाला १ कोटी ९४ लाख बिट, म्हणजेच १९.३९ मेगाबिट. केंद्र मोठे असो वा लहान, या मानकात त्याची पुंजी एवढीच.

आता खर्चाची बाजू पाहू. एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट लागतील. जवळ आहेत दोन कोटींहूनही कमी. चित्र सुमारे सत्त्याहत्तर पटींनी आकसल्याशिवाय ते या पट्ट्यात मावणारच नाही.

हे आकसण्याचे काम एन्कोडर नावाचे यंत्र करते. अमेरिकेतील या मानकात त्यासाठी एमपीईजी-२ ही पद्धत वापरली जाते. तिचे तत्त्व सोपे आहे. अधूनमधून एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि मधल्या चित्रांसाठी फक्त काय बदलले तेवढेच कळवायचे. बातम्या देणारी निवेदिका स्थिर बसलेली असते. तिच्या मागची भिंत पुनःपुन्हा पाठवावी लागत नाही. याउलट फुटबॉलचा सामना, उसळणारे पाणी, नाचणारा समुदाय यांत प्रत्येक क्षणी बहुतेक बिंदू बदलतात. म्हणून एकाच वाहिनीची गरजही क्षणाक्षणाला बदलत असते.

आकसलेली माहिती १८८ बाइटच्या लहान पाकिटांत भरली जाते. प्रत्येक पाकिटाच्या आरंभी ते कोणत्या प्रवाहाचे आहे, हे सांगणारा क्रमांक असतो. सर्व वाहिन्यांची पाकिटे एकामागून एक एकाच रांगेत निघतात आणि घरातील संच हव्या त्या क्रमांकाची पाकिटे तेवढी वेचून घेतो. पाठवायला काही नसेल, तर रांग भरून काढण्यासाठी रिकामी पाकिटेही सोडावी लागतात. प्रेक्षकाला पडद्यावर ४.१, ४.२, ४.३ असे क्रमांक दिसतात. दशांश चिन्हापुढचा १ बहुधा मुख्य वाहिनीचा आणि पुढचे अंक उपवाहिन्यांचे असतात. या साऱ्या एकाच पट्ट्यावरच्या शेजारणी होत.

पाटकऱ्याचे काम

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या आमच्या पालकांना पुढील भाग समजावण्याची फारशी गरज नाही. पाण्याची पाळी ठरलेली असली, तर ज्याच्या शेताला आज पाणी नको त्याचे पाणीही वाहून जाते आणि ज्याचे पीक सुकते आहे तो पाहत राहतो. आरंभीच्या काळात उपवाहिन्यांची वाटणी अशीच ठरावीक पद्धतीने होई. समजा, एचडी वाहिनीला १२ मेगाबिट आणि दोन साध्या वाहिन्यांना प्रत्येकी ३ मेगाबिट नेमून दिले. उरलेला दीड मेगाबिटाच्या आतला भाग ध्वनी व कार्यक्रमपत्रक यांसाठी वेगळा काढला, असे धरू. अशा वाटणीत साध्या वाहिनीवर स्थिर चित्र असताना तिचे बिट वाया जातात आणि त्याच क्षणी एचडीवरील सामन्यात खेळाडूंच्या भोवती चौकोनी ठिगळे दिसू लागतात.

यावर उपाय म्हणून सांख्यिकी बहुसंकलन ही पद्धत आली. हिच्यात एक नियंत्रक यंत्र पाटकऱ्याचे काम करते. प्रत्येक एन्कोडर आपल्या पुढ्यातील चित्र किती अवघड आहे, हे त्याला सतत कळवतो आणि नियंत्रक दर सेकंदाला अनेकदा वाटे बदलतो. सर्व वाहिन्यांवर एकाच वेळी अवघड दृश्ये येण्याचा संभव कमी असतो, या अनुमानावर ही पद्धत उभी आहे. म्हणून तेवढ्याच पुंजीत एखादी वाहिनी अधिक मावते.

परंतु पाटकरी पाणी निर्माण करत नाही. सर्वांना एकदम गरज लागली, तर कोणाच्या तरी चित्राचा दर्जा उतरतोच. तो कोणाचा उतरावा, हे आधी ठरवून ठेवलेले असते. प्रत्येक वाहिनीची किमान मर्यादा, कमाल मर्यादा आणि अग्रक्रम हे तीन आकडे केंद्रातील माणसे यंत्राला सांगतात. मुख्य वाहिनीवर जाहिरातींचे उत्पन्न अधिक, म्हणून तिचा अग्रक्रम वरचा. उपवाहिनी बहुधा कालव्याच्या शेवटच्या टोकावरचे शेत असते. यंत्र निःपक्षपातीपणे काम करते, हे खरे. पण ते ज्या आकड्यांवर काम करते ते आकडे माणसांचे असतात.

शेवटच्या टोकावर कोण आले

या टोकावरच्या जागेत कोण स्थिरावले, हे पाहणे उद्बोधक आहे. २६ सप्टेंबर २०११ रोजी आफ्रिकन-अमेरिकन प्रेक्षकांसाठी ‘बाउन्स’ हे दूरचित्रवाणी जाळे सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत मार्टिन ल्यूथर किंग यांचे पुत्र मार्टिन ल्यूथर किंग तिसरे आणि नागरी हक्क चळवळीतील नेते अँड्र्यू यंग हे होते. स्थानिक केंद्रांच्या उपवाहिन्यांवरूनच ते घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोच्या सार्वजनिक केंद्राने तेथील आदिवासी समाजाच्या साहाय्याने ‘फर्स्ट नेशन्स एक्सपीरियन्स’ ही मूलनिवासी लोकांची वाहिनी आपल्या उपवाहिनीवर आणली. जानेवारी २०१७ मध्ये पीबीएस या सार्वजनिक संस्थेने मुलांसाठी चोवीस तासांची वाहिनी सुरू केली, तीही सदस्य केंद्रांच्या उपवाहिन्यांवर. ज्यांना स्वतंत्र पट्टा मिळणे दुरापास्त होते, त्यांना दोन-तीन मेगाबिटांच्या जागेने पडद्यावर आणले.

मात्र ही जागा सोयीची होती, हक्काची नव्हती. आयोगाच्या नियमानुसार केंद्राने किमान एक मोफत वाहिनी जुन्या अ‍ॅनालॉग चित्राच्या तोडीची दिली पाहिजे. त्यापलीकडची वाटणी केंद्राच्या मर्जीवर आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये आयोगाने असाही निर्णय कायम केला की, केबलचालकांवर केंद्राची मुख्य वाहिनीच दाखवण्याची सक्ती राहील. उपवाहिन्या दाखवायच्या की नाही, हे कराराने ठरेल.

शाळांच्या केंद्राची गोष्ट

लॉस एंजेलिसमध्ये केएलसीएस नावाचे दूरचित्रवाणी केंद्र आहे. ते तेथील शाळांच्या जिल्हा प्रशासनाच्या मालकीचे आहे. २०१४ मध्ये या केंद्राने केजेएलए या दुसऱ्या केंद्राबरोबर एक प्रयोग केला. दोन स्वतंत्र केंद्रे एकाच ६ मेगाहर्ट्झमध्ये नांदू शकतात का, हे पाहायचे होते. दोन एचडी प्रवाह एका पट्ट्यात बसवता येतात, पण दोन्हींवर कोणत्या प्रकारचे कार्यक्रम आहेत यावर चित्राचा दर्जा अवलंबून राहतो, असे दिसून आले.

यानंतर आयोगाने मोबाइल सेवेसाठी दूरचित्रवाणीच्या लहरी परत घेण्याचा लिलाव केला. तो मार्च २०१७ मध्ये संपला. त्यातून ८४ मेगाहर्ट्झ लहरी मोकळ्या झाल्या आणि १७५ केंद्रांना मिळून सुमारे १००० कोटी डॉलर मिळाले. केएलसीएसने आपला पट्टा सुमारे १३ कोटी डॉलरला दिला आणि केसीईटी या सार्वजनिक केंद्राच्या पट्ट्यात भागीदारी पत्करली. शाळांच्या केंद्राला मोठा निधी मिळाला आणि प्रक्षेपणही चालू राहिले. त्याच वेळी पूर्वीचा अखंड पट्टा अर्ध्या घरासारखा झाला. पुढे नवी शैक्षणिक वाहिनी सुरू करायची झाल्यास जागा शेजाऱ्याशी बोलूनच काढावी लागेल. हा व्यवहार चांगला की वाईट, याचा निवाडा वाचकांनी करावा. आम्हांला एवढेच नोंदवायचे आहे की, बँकेत जमा झालेली रक्कम सर्वांना दिसते. गमावलेले बिट कोणाला दिसत नाहीत.

आपल्या छपरावर

आपल्याकडे दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा एका पट्ट्यावर एक वाहिनी हाच नियम होता. आज खेड्यापाड्यांत दिसणारी मोफत छत्री डीडी फ्री डिशची. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिच्यात लहरी उपग्रहावरून येतात. तरी उपग्रहाच्या प्रत्येक ट्रान्सपाँडरची क्षमता ठरलेली असते आणि तीच अनेक वाहिन्यांत वाटली जाते. खाजगी वाहिन्यांना येथील जागा ई-लिलावातून घ्यावी लागते. सह्याद्रीसारख्या दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या मात्र सार्वजनिक म्हणून तेथे असतात. म्हणजे किमान वाटा राखून ठेवण्याचे तत्त्व आणि पैशाने जागा घेण्याचे तत्त्व, ही दोन्ही एकाच छत्रीत शेजारी शेजारी आहेत.

यापुढे पडद्यावर गर्दीच्या दृश्यात चौकोनी ठिगळे दिसली, तर त्या क्षणी बिट दुसरीकडे वळले असावेत, असा तर्क आमच्या वाचकांनी जरूर करावा. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, वकील वा अधिकारी झाले आहेत, त्यांच्याकडे आमची अपेक्षा थोडी अधिक आहे. कोणत्याही सामायिक संपत्तीच्या वाटणीचा कागद हाती आला की, त्यातील सरासरीचा आकडा पाहून थांबू नये. टंचाईच्या दिवशी शेवटच्या टोकाला किमान किती मिळेल, हा आकडा त्यात लिहिला आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर तो लिहून घ्यावा.