एका गुहेचं वटवाघूळ

देशातल्या वन्य सस्तन प्राण्यांची ‘लाल यादी’ कशी ठरते ते लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांपुढे वाघ असणार. वाघाची काळजी नाही. दर चार वर्षांनी कॅमेरे लावून त्याची गणना होतेच. पण आपल्याकडच्या चारशेहून अधिक सस्तन प्राण्यांत निम्म्याहून जास्त जाती वटवाघळं आणि उंदीर-खारींच्या आहेत. त्यांना मोजतं कोण?

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1911 मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, त्या काळात इथलं एक वटवाघूळ अभ्यासकांच्या हाती लागलं. गडद तपकिरी अंग, मानेशी फिकट राखाडी पट्टा आणि तोंडावर टोपीसारखे झुकलेले मोठाले कान. 1913 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी ही नवी जात असल्याचं जाहीर केलं आणि तिला रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव दिलं. पुढची कित्येक दशकं जगात तिचा पत्ता हा एकच.

लाल यादी ठरवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेचे निकष आकड्यांचे आहेत. प्रजननक्षम प्राणी अडीचशेहून कमी असतील आणि संख्या घटत असेल, तर जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरू शकते. पिल्लं हिशेबात धरत नाहीत. दुसरा निकष जागेचा. नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौरस आखायचे आणि प्राणी असलेले चौरस मोजायचे. एकच गुहा म्हणजे एकच चौरस, चार चौरस किलोमीटर. मर्यादा दहाची, तेव्हा आमचं वटवाघूळ सहज आत बसतं. पण तेवढ्यानं भागत नाही. सोबत बहुधा घटही दाखवावी लागते. संख्या घटतेय, अधिवास बिघडतोय, असं काहीतरी. या अटीपाशी गाडं अडतं. जुना आकडाच नसेल, तर घट कशावरून ठरवायची?

तरीही हे वटवाघूळ एके काळी ‘अतिसंकटग्रस्त’ होतं. मग 2001-02 च्या सुमारास ते कंबोडियात आणि मेघालयात सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि 2008 मध्ये त्याची रवानगी ‘माहिती अपुरी’ या रकान्यात झाली. बारापेडेत काही सुधारलं म्हणून हा बदल झाला नव्हता. मला हा रकाना प्रामाणिक वाटतो आणि धोकादायकही, कारण पैसे वाटणाऱ्यांची नजर ‘संकटग्रस्त’वर थांबते. कायद्याचा हिशेब आणखी वेगळा. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या जातीला वाघाच्या पंगतीत जागा मिळाली, तर बहुतेक फलाहारी वटवाघळं 2022 च्या दुरुस्तीपर्यंत उंदरांबरोबर उपद्रवींत गणली जात.

आता देशाची स्वतःची यादी होणार आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये अबूधाबीत तिचा आराखडा जाहीर झाला: 2030 पर्यंत वनस्पती आणि प्राणी मिळून सुमारे 11,000 जाती. राष्ट्रीय यादीत आणखी एक पायरी असते. आधी देशापुरता दर्जा काढायचा, मग सीमेपलीकडून प्राणी येऊन इथली संख्या सावरू शकतील का, ते पाहून तो बदलायचा. कंबोडियातली वटवाघळं खानापूरला येऊन भर घालतील, असं कोणी म्हणणार नाही. मेघालय मात्र आपलंच, तेव्हा ते हिशेबात येणार. म्हणजे दोन्हीकडे मोजणी आली. हे वटवाघूळ उंचावरून आणि वेगानं उडतं, जाळ्यात क्वचित सापडतं. एक तर त्याचे आवाज टिपणारी यंत्रं लावायची, नाहीतर गुहेच्या तोंडाशी तिन्हीसांजेला बसून बाहेर पडणारी वटवाघळं मोजायची, तीही दर वर्षी त्याच सुमारास. संशोधन प्रकल्पाला पैसा मिळतो तो बहुधा तीन वर्षांचा.